राणीच्या बागेतील मातीची माणसे

भायखळ्याच्या राणीच्या बागेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चौथीत होतो. १९६४ साल असावे. आबा स्टेशनाजवळच्या फुटपाथवर चपलाबूट दुरुस्त करायला बसत. सुट्टीच्या दिवशीच गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे त्यांना सुट्टी अशी नव्हतीच. त्या दिवशी मात्र गावाहून चुलते आले होते. त्यांना मुंबई दाखवायची म्हणून आबांनी रापी आणि आरी पोत्यात गुंडाळून शेजारच्या पानवाल्याकडे ठेवली आणि आम्ही निघालो. वाघ बघितला, हत्ती बघितला. मग घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती बघितला आणि त्याच्या शेजारच्या देखण्या इमारतीत शिरलो. तेव्हा तिचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते. आम्हांला ते ठाऊक नव्हते. आमच्या लेखी तो राणीच्या बागेतला अजबखाना.

आत काचेच्या कपाटांत मातीची लहान लहान माणसे होती. निरनिराळ्या जातींची, पंथांची, धंद्यांची. कुणी बसलेले, कुणी उभे, प्रत्येकाचा वेष वेगळा. एका ठिकाणी नुसती डोकी मांडलेली, प्रत्येक डोक्यावर वेगळ्या घाटाची पगडी, पागोटे, फेटा. चुलते हरखून गेले. आबा मात्र बराच वेळ त्या डोक्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “नुस्ती डोस्की. ह्यांच्या पायांत काय व्हतं त्ये कुनी ठिवलं न्हाई व्हय?” मग मला म्हणाले, “वाच की रं, आपला मानूस ह्यात कुठं हाय?” चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. चौथीतल्या पोराला त्या काय वाचता येणार! आपला माणूस त्यांत होता की नव्हता, ते त्या दिवशी कळले नाही. बाहेर आल्यावर आबांनी चार आण्यांचे शेंगदाणे घेतले आणि विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. पुढे शिकलो, शाळेत मास्तरकी केली, पोरांच्या सहली घेऊन त्याच इमारतीत अनेकदा गेलो. एव्हाना चिठ्ठ्या वाचता येऊ लागल्या होत्या. वाचता येऊ लागल्या तसा आबांचा प्रश्न मोठा होत गेला. आपला माणूस कुठे आहे, एवढाच तो प्रश्न राहिला नाही. त्याला तिथे मांडला कुणी, कशासाठी मांडला आणि मांडताना त्याचे काय घेतले, काय टाकले, असा तो झाला.

या संग्रहालयाचा जन्मच मुळी प्रदर्शनातून झालेला आहे. १८५१ साली लंडनमध्ये जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले, त्यात हिंदुस्थानच्या मालाने युरोपाचे डोळे दिपवले. १८५५ मध्ये पॅरिसला तसेच प्रदर्शन ठरले, तेव्हा मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा करण्यात आल्या. त्या वस्तूंच्या जोडप्रती इथे ठेवून घेतल्या आणि त्यांतून कोटातल्या टाउन बराकीत सरकारी संग्रहालय उभे राहिले. कुठल्या मुलखात काय पिकते, कोण काय विणतो, कोण काय घडवतो, याचा तो नमुनेखाना होता. व्यापाऱ्याने यावे, नमुना बघावा, मागणी नोंदवावी किंवा तसाच माल मँचेस्टरला काढावा. कलेचा पुळका त्यामागे फारसा नव्हता. १८५७ च्या उठावात फौजेला बराकी हव्या झाल्या आणि हा सगळा संग्रह घाईघाईने बाहेर काढला गेला. त्यात बराच माल नासला. कारागिराची वस्तू राज्यकर्त्याला किती मोलाची वाटते, हे बंदुकीची वेळ आली की कळते.

उरलेल्या संग्रहाची जबाबदारी डॉ. जॉर्ज बर्डवूड यांच्याकडे आली. हा माणूस नीट लक्षात ठेवावा लागेल, कारण या लेखाचे अर्धे प्रकरण त्याच्याशी आहे. १८३२ साली बेळगावात जन्मलेला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारा हा डॉक्टर. त्याने, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी मिळून राणीच्या नावाने बाग आणि संग्रहालय उभारण्याची खटपट केली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता, वर्गण्या पडत होत्या. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, सावकार बुडाले आणि काम रेंगाळले. शेवटी सरकारने ते पुरे केले आणि १८७२ च्या मे महिन्यात इमारत लोकांसाठी खुली झाली. १९७५ मध्ये महापालिकेने तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले. राणीपेक्षा भाऊ दाजींचे नाव केव्हाही बरे. मुलींच्या शिक्षणासाठी झटणारा, कुष्ठरोगावर औषध शोधणारा, शिलालेख वाचणारा तो विद्वान होता आणि त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु वर्गणीदारांच्या यादीत शेटसावकार होते आणि ज्यांच्या हातची वस्तू मांडायची होती ते कुठेच नव्हते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

आज ही इमारत पाहण्यासारखी आहे. २००३ पासून चार-पाच वर्षे तिची डागडुजी झाली, युनेस्कोने त्या कामाचा २००५ मध्ये गौरव केला आणि २००८ पासून ती नव्या झळाळीत उभी आहे. तळमजल्यावर हस्तिदंत, चांदी, बिदरी, लाखकाम, काळ्या लाकडावरचे कोरीवकाम, स्कूल ऑफ आर्टची मातीची भांडी. वरच्या मजल्यावर मुंबईचा इतिहास आणि ती मातीची माणसे. मागच्या अंगणात व्याख्याने होतात, गाणे होते, नाटक होते, मुलांसाठी कार्यशाळा भरतात. आजच्या चित्रकारांना बोलावून जुन्या संग्रहाला उत्तर द्यायला सांगितले जाते, हीसुद्धा चांगली गोष्ट आहे.

पण खालून वर जिना चढताना मला दर वेळी ठेच लागते. खाली वस्तू आहे. ती बिदरची, ती सावंतवाडीची, अशी तिच्या गावाची ओळख मिळते. घडवणारा दिसत नाही. वर माणूस आहे. त्याची जात आहे, त्याचा धंदा आहे, त्याचे पागोटे आहे. त्याच्या हातची वस्तू मात्र कलावस्तू म्हणून कुणी उचललेली नाही. एकाची वस्तू मांडली आणि माणूस गाळला. दुसऱ्याचा माणूसच वस्तू करून मांडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स या संग्रहालयाचे क्युरेटर होते, त्या काळात अशा मूर्ती आणि देखावे पुष्कळ तयार झाले. माती कालवून ती माणसे घडवणारे हातही इथल्याच कारागिरांचे. त्यांना कामाची मजुरी मिळाली असेल. आपण जातींचा तक्ता करतो आहोत, हे त्यांना कुणी समजावून सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

हे योगायोगाने घडले असे म्हणता येत नाही, कारण त्यामागचा विचार बर्डवूडने स्वतः लिहून ठेवला आहे. १८८० मध्ये हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवर त्याचा ग्रंथ निघाला. यंत्राने युरोपचा कारागीर मारला, हिंदुस्थानचा अजून जिवंत आहे, असे त्याचे म्हणणे. का जिवंत आहे? तर तो आपल्या खेड्यात, बापाच्या धंद्यात, जातीच्या आसऱ्याने सुखाने बसलेला आहे म्हणून. या व्यवस्थेची मुळे तो कुठे शोधतो? मनूच्या संहितेत! ज्या ग्रंथाने आमच्या हातांना ज्ञान वर्ज्य केले, त्याच ग्रंथाला हा गोरा डॉक्टर आमच्या हातांच्या कौशल्याचे श्रेय देतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले, त्याच्या राखेत बर्डवूडच्या ग्रंथाचीही काही पाने होती, असे मला वाटते.

कुणी म्हणेल, बिचाऱ्याने कारागिराची स्तुतीच केली ना? केली. या स्तुतीचीच चौकशी केली पाहिजे. कुंभार चाकावर बसला आहे, सकाळचे ऊन पडले आहे, बायका पाण्याला चालल्या आहेत, असे खेडे लांबून फार गोड दिसते. त्या खेड्यात कुंभाराच्या पलीकडे, गावकुसाबाहेर ढोर हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडे भिजवीत होता. मांग अंबाडीचा दोर वळत होता. चांभार मोट शिवत होता. त्या मोटेच्या पाण्यावर गावचा मळा पिके, पण ती शिवणाऱ्याने विहिरीला हात लावायचा नाही. कातडे विहिरीत गेलेले चालते, कातडे शिवणारा चालत नाही! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या या गोडव्याची बाबासाहेबांनी जी झडती घेतली, ती अनेकांना कडू लागली. जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच उतरंडीची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडले होते. बर्डवूडला जिथे कारागिराची सुरक्षितता दिसली, तिथे बाबासाहेबांना बंद दार दिसले. ते दोघे एकाच खेड्याबद्दल बोलत होते.

स्तुतीची किंमत काय, ते आणखी एका प्रसंगाने उघडे पडते. १९१० च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये हिंदी कलेवर व्याख्यान होते आणि अध्यक्ष होता हाच बर्डवूड, आता सर झालेला. हिंदुस्थानात उच्च दर्जाची ललितकला नाहीच, असे त्याने तिथे सांगितले आणि जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीला चरबी घालून उकडलेल्या पुडिंगाची उपमा दिली. त्यावरून लंडनमध्ये गहजब झाला, चित्रकारांनी निषेध केला, त्यातूनच इंडिया सोसायटी निघाली. मला या प्रसंगात त्याच्या उद्धटपणापेक्षा त्याची सुसंगती महत्त्वाची वाटते. हात कुशल आहेत, हे तो तीस वर्षे सांगत होता. पण त्या हातांमागे चिंतन करणारे डोके असू शकते आणि ते डोके शांत बसलेल्या मूर्तीत दिसू शकते, हे त्याला मान्य होणे शक्य नव्हते. ‘कारागीर’ म्हणून पाठ थोपटायची आणि ‘कलावंत’ म्हणताना जीभ अडखळायची, ही रीत तेव्हापासूनची. आपल्याकडच्या पंडितांना ती शिकवावी लागली नाही. त्यांच्याकडे ती आधीच होती.

आता जिवंत माणसे मांडण्याची गोष्ट. आजकाल प्रदर्शनात कारागीर बसवून प्रात्यक्षिक करवण्याची चाल आहे, आणि ती फार आधुनिक, लोकाभिमुख वगैरे समजली जाते. तिचा इतिहास बघा. १८८५ च्या हिवाळ्यात लंडनमधल्या लिबर्टी या बड्या दुकानाने बॅटरसीच्या अल्बर्ट पॅलेसमध्ये हिंदी खेडे उभे केले आणि त्यात बसवायला इथून चाळीसच्या वर माणसे नेली. थंडीने ती कुडकुडली, करारात कबूल केलेले पदरात पडेना, आणि प्रेक्षक काचेबाहेरून मजा बघत राहिले. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, साऊथ केन्सिंग्टनला साम्राज्याचे मोठे प्रदर्शन भरले. तिथे चौतीस कारागीर बसवले होते. पिढीजात, परंपरेने घडलेले, असे प्रेक्षकांना सांगितले गेले. राणीने त्यांतल्या काहींची चित्रे काढवून घेतली. प्रत्यक्षात यांतले बहुतेक जण आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातून आणलेले होते, आणि तुरुंगाचा अधीक्षक डॉ. टायलर हाच त्यांना घेऊन गेला होता. गालिचा विणायला ते शिकले ते तुरुंगात. ज्याला परंपरा म्हणून लोक तिकीट काढून बघत होते, ती सक्तमजुरी होती!

हे वाचले तेव्हा मी हसलो आणि मग हसू थांबले. कारण आमची परंपरासुद्धा सक्तमजुरीच होती. तुरुंगाला भिंती नव्हत्या इतकेच.

इथे आपल्यातले काही मित्र मला अडवतील. ते म्हणतील, मग या कातड्याकामाचे कौतुक हवेच कशाला? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे सांगितले. आपण ते सोडले, म्हणून माणसात आलो. हे मला पूर्ण मान्य आहे. माझ्या आबांनी मला रापी धरू दिली नाही. मी एकदा गंमत म्हणून वादी कापायला बसलो तर त्यांनी हातावर फटका मारला. तो फटका मारणारा हात मला आजही पूज्य आहे. परंतु सोडले काय, हे नीट बघितले पाहिजे. सक्ती सोडली, उष्टे सोडले, घाण म्हणून हिणवलेले जिणे सोडले. खिळा न ठोकता, कातड्याच्याच वादीने शिवून पायाच्या मापाची वहाण उभी करण्याची जी बुद्धी, ती काही लाजेची गोष्ट नव्हती. तिला लाजेची केली ती इतरांनी. आपण ती त्यांच्याच शब्दांत टाकून दिली, तर तिच्यावरचा हक्कही टाकल्यासारखे होते आणि मग ती उचलायला दुसरे टपलेलेच असतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडाच्या मॉडेलांनी कोल्हापुरी वहाणा घातल्या. कोल्हापूरचे नाव नव्हते, चांभाराचे तर सोडाच. याच वहाणेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून भौगोलिक मानांकन मिळालेले होते. बोंब झाली तेव्हा कंपनीने मूळ कुठले ते कबूल केले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून महाराष्ट्राची अस्मिता फार दुखावली. ज्यांच्या दारात ही वहाण शिवणाऱ्याला कालपर्यंत वहाण हातात घेऊन चालावे लागे, तेही दुखावले होते. मला गंमत वाटली.

गंमत बाजूला ठेवतो आणि घरची हकीकत सांगतो. माझे चुलतभाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांनी हा धंदा सोडला नाही. आपखुशीने केला आणि चांगला केला. २०१२ साली त्यांना मुंबईतल्या एका कलासंस्थेने हस्तकला महोत्सवात प्रात्यक्षिकासाठी बोलावले. संस्था कोणती ते सांगत नाही, पण ती भायखळ्याची नव्हे. अण्णा इस्त्रीची पँट आणि पांढरा शर्ट घालून गेले. आयोजकांतल्या बाई अदबीने म्हणाल्या, धोतर आणि पागोटे असते तर बरे दिसले असते. अण्णांनी जन्मात पागोटे घातलेले नाही. मग एक चटई अंथरली, शेजारी मातीचा माठ ठेवला, आणि चार दिवस अण्णा तिथे खाली बसून शिवत राहिले. लोक वाकून बघत, फोटो काढत. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, कातडे कसे कमावतात, म्हशीचे कुठे वापरायचे आणि बकऱ्याचे कुठे, हे मी लोकांना सांगू का? माझ्याकडे नमुने आहेत. त्यावर उत्तर मिळाले की माहिती द्यायला आमच्याकडे तज्ज्ञ आहेत, तुम्ही काम चालू ठेवा, लोकांना तेच बघायचे असते. तज्ज्ञ म्हणजे एक तरुण मुलगी होती. ती अण्णांच्या पाठीशी उभी राहून माईकवर बोलत होती आणि अण्णा सांगतात त्याप्रमाणे तिने निम्मे चुकीचे सांगितले. माहितीपत्रकात लिहिले होते, ‘पारंपरिक चर्मकार, कोल्हापूर’. शेजारच्या दालनातल्या चित्रकाराचे नाव, जन्मसाल, शिक्षण, प्रदर्शने, सगळे छापले होते. आम्ही कोल्हापूरचे नव्हे, साताऱ्याकडचे. प्रवासखर्च सात महिन्यांनी आला.

अण्णा घरी येऊन म्हणाले, “मास्तर, मला तिथं मातीचा मानूस केला.” ते कधी राणीच्या बागेत गेले होते की नाही, मला माहीत नाही. पण तो शब्द ऐकला आणि मला आबा आठवले, काचेसमोर उभे राहिलेले.

२०१६ मध्ये दुसऱ्या एका ठिकाणाहून पुन्हा बोलावणे आले. या वेळी अण्णांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतले. तीन अटी घातल्या. पाटीवर पूर्ण नाव आणि गाव लागेल. बसायला खुर्ची आणि पुढे टेबल. बोलणार मी. पत्राचे उत्तर महिनाभर आले नाही. अण्णांनी आशा सोडली होती, तेवढ्यात होकार आला.

मी सोबत गेलो होतो. पाटीवर नावात एक वेलांटी चुकली होती, ती अण्णांनी खिशातल्या पेन्सिलीने दुरुस्त केली. मग खुर्चीवर बसले, टेबलावर चुन्यातले कातडे, हिरड्यातले कातडे आणि तयार तळ असे तीन तुकडे मांडले आणि बोलायला लागले. समोर कॉलेजची पोरे होती. दीड तास बोलणे चालले. पोरांनी पुष्कळ विचारले. एकाने वाद घातला, अण्णांनी त्याला तुकडा हातात देऊन वास घ्यायला लावला. दीड तासात त्यांनी एक टाकाही घातला नाही. आरी टेबलावर तशीच पडून होती.